निकषात बसणे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. ही म्हण ज्याने काढली तो गृहस्थ कोर्टाची पायरी नक्की चढलेला असणार, आणि उतरताना त्याच्या पायात चपला उरल्या नसणार. त्याशिवाय एवढं अनुभवाचं वाक्य माणसाच्या तोंडून निघत नाही.

आमच्या निर्मळ गावाला पायऱ्यांचं भय नाही. शंकराचार्यांच्या समाधीच्या देवळाला पायऱ्या आहेत, तळ्याला पायऱ्या आहेत, चर्चला पायऱ्या आहेत. आणि नालासोपारा स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या तर मी नोकरीची एकतीस वर्षं रोज दोन वेळा चढलो-उतरलो आहे. तेवढ्या पायऱ्या सरळ रेषेत मांडल्या असत्या तर मी आत्तापर्यंत स्वर्गात पोचलो असतो. कार्तिक वद्य एकादशीला आमची यात्रा भरते तेव्हा तर अख्खी वसई या पायऱ्यांवर असते. पण कोर्टाची पायरी म्हटलं की याच गावातल्या भल्याभल्यांचे गुडघे दुखायला लागतात.

ही पायरी आमच्या आत्याने चढली. तिची ही हकीकत आहे.

आत्या नात्याने आत्या. वयाने माझ्याहून फक्त दोन वर्षांनी मोठी. जुन्या मोठ्या कुटुंबांत असे घोटाळे व्हायचेच. लहानपणी आम्ही एकाच चिंचेवर चढत असू, आणि खाली उतरल्यावर ती मला वडीलकीच्या अधिकाराने मारत असे. लग्न होऊन गेली, काही वर्षांत कुंकू पुसून परत आली. मूलबाळ नाही. घराच्या मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली, वेगळं रेशनकार्ड काढलं आणि जाहीर केलं, "मी कुणाच्या ताटात जेवणार नाही. माझ्या ताटात कुणी जेवलं तर चालेल."

पोटासाठी तिने सगळं केलं. गजरे ओवले, पापड लाटले, आणि यात्रेच्या दिवसांत सुकेळी विकली. सुकेळी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांची मला कीव येते. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, ती मधासारखी होतात, मग केळीच्या सुक्या पानात बांधून त्यांची पुडकी करायची. पण राजेळीच्या वाड्या कमी झाल्या, तिथे इमारती उगवल्या, आणि इमारती वाळवून खाता येत नाहीत. आत्याचे गुडघेही उन्हात बसायला नाही म्हणू लागले. तेव्हा कुणीतरी तिला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा फॉर्म भरायला लावला.

ही योजना महाराष्ट्र सरकारने १९८० साली काढली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले अशांना दरमहा काही रक्कम मिळते. पासष्टी गाठली की माणूस या योजनेतून श्रावणबाळ योजनेत जातो. थोडक्यात, पासष्टाव्या वर्षापर्यंत आपण निराधार असतो आणि पुढे सरकार आपला श्रावणबाळ होतं. कावड तेवढी आपली आपण उचलायची. महिन्याला पूर्वी सहाशे रुपये मिळत. २०१९ साली त्याचे हजार झाले आणि २०२३ साली पंधराशे.

आता पंधराशे रुपये म्हणजे किती, हा प्रश्न प्रत्येकाच्या खिशाप्रमाणे बदलतो. माझ्या मुलाचं म्हणणं, एवढ्यात दोघांचा सिनेमा आणि मक्याच्या लाह्या होतात. आत्याचं म्हणणं, एवढ्यात गॅस, तांदूळ, चहापत्ती, गुडघ्याचं तेल आणि माहेरच्या पोरीबाळींच्या हातावर सणाला ठेवायला पन्नासाची एक-एक नोट, एवढं होतं. "हे माझे आहेत," असं ती म्हणायची. ते म्हणताना तिचा आवाज एखाद्या इनामदारिणीसारखा व्हायचा. घरात आम्ही तिला काही कमी पडू दिलं नसतं. पण दुसऱ्याने दिलेलं दूध आणि स्वतःच्या पैशांचा चहा यांत माणूस चहाच निवडतो, हे पेन्शनरला कुणी समजावून सांगायला नको.

तर २०२४ साली हे पैसे यायचे थांबले. आत्या तीन महिने पासबुक भरून आणत राहिली. त्या यंत्रातून पासबुक कोरं बाहेर आलं की यंत्रालाच दोष द्यायची. चौथ्या महिन्यात आम्ही कचेरीत गेलो. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही. एकीचं नाव घेतलं तर बाकीच्या सुटल्या असा त्यांचा समज व्हायचा. आणि खरं म्हणजे सगळ्या कचेऱ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. तोच पंखा, तेच लाल फडक्यातले गठ्ठे, तीच साहेबांची रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवरचा तोच टॉवेल.

टेबलामागच्या इसमाने संगणकात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही निकषात बसत नाही."

आत्याने इकडेतिकडे पाहिलं. "बसते की. पण बाक कुठाय?"

"बाक नाही हो आजी, निकष, निकष!"

"तेच विचारते. निकष कुठे ठेवलाय? मी दहा वाजल्यापासून उभी आहे. दाखवलात तर आत्ता बसते."

मागच्या रांगेतली माणसं हसली, इसम मात्र हसला नाही. सरकारी निकषात विनोद बसत नाही. त्याने तोंडी सांगितलं ते एवढंच, की तुमच्या नावावर जमीन आहे, म्हणजे उत्पन्न आहे, म्हणजे तुम्ही निराधार नाही. लेखी काही मिळेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "लेखी कशाला? मी सांगतोय ना."

इथे उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल थोडं सांगायला हवं. त्या वेळी ही मर्यादा कुटुंबाला वर्षाला एकवीस हजार रुपये होती. मी हिशेब केला. महिन्याला सतराशे पन्नास, दिवसाला सत्तावन्न रुपये आणि वर काही पैसे. म्हणजे दोन वडापाव खाऊन त्यावर चहा प्यायलेला माणूस सरकारदरबारी सुखवस्तू होण्याच्या बेताला येतो. तिसरा वडापाव मागवला की गेलाच निकषाबाहेर.

आणि जमीन? होय, आत्याच्या नावावर जमीन होती. आमच्या आजोबांच्या माघारी सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली; मुलगे, मुली, मुलग्यांची मुलं, मुलींची मुलं. नऊ आर वीस चौरस मीटर जमीन आणि तेवीस नावं. शाळेच्या पटावरसुद्धा एवढी हजेरी लागत नाही. त्या यादीत सातवी आत्या आणि चौदावा मी. त्या जमिनीत एक विहीर आहे, तिच्या काठावर दोन माड आहेत, आणि त्या दोन माडांच्या नारळांवरून आमच्या घराण्यातल्या दोन शाखांमध्ये अबोला आहे. निराधार नसल्याचा आत्याचा पुरावा तो हा.

आता गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. निर्मळमध्ये केळी कमी झाली असतील, सल्लागार नाहीत. एक म्हणाला, आमदारांना भेटा. दुसरा म्हणाला, पेपरात द्या. तिसरा म्हणाला, सातबाऱ्यावरून नावच काढून टाका, हक्कसोड करा. आणि हा तिसरा त्या तेवीस नावांपैकी एक होता, हे मी नोंदवून ठेवतो. एका वकिलांकडेही जाऊन आलो. माणूस भला, पण नुसती नोटीस धाडायचे त्यांनी जे सांगितले त्यात आत्याचं चार महिन्यांचं अनुदान गेलं असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आत्या म्हणाली, "कोंबडीच पळालीय. मसाला घेऊन काय करू?"

मार्ग सापडला तो आमच्या भाचीमुळे. ती नर्स आहे. तिच्या दवाखान्यात भिंतीवर एक पाटी होती: मोफत कायदेशीर मदत, फोन १५१००. भाचीने फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे जा, असं सांगितलं.

"मोफत?" आत्याने विचारलं. "म्हणजे सरकारी दवाखान्यातलं लाल औषध. खोकल्यालाही तेच आणि खरजेलाही तेच."

मराठी माणसाचं फुकटशी असलेलं नातं मोठं गुंतागुंतीचं आहे. लग्नात फुकट मिळालेलं श्रीखंड तो चार वाट्या खाईल. पण फुकट मिळालेल्या वकिलाकडे तो फुकट मिळालेल्या कुत्र्यासारखा बघेल. आधी चावतो का, ते विचारील.

तरी गेलो. वसईच्या कोर्टाची पायरी चढताना आत्याने आधी पायरीला हात लावून नमस्कार केला. मी म्हटलं, "आत्या, हे देऊळ नाही." ती म्हणाली, "नसू दे. पायरी तर आहे?"

आत एका खोलीत एक कारकून आणि काळा कोट घातलेली एक तरुण मुलगी बसली होती. मी पिशवीतून कागद काढायला लागलो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, यजमानांच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड. जुन्या कागदांवर 'तालुका वसई, जिल्हा ठाणे' होतं आणि नव्यांवर 'जिल्हा पालघर'. कारण १ ऑगस्ट २०१४ला आमचा जिल्हा बदलला. आम्ही जागचे हललो नव्हतो, जिल्हाच उठून गेला होता. यावरूनही आता प्रश्न निघणार म्हणून मी खुलासा तयार ठेवला होता. पण ती मुलगी म्हणाली, "काका, अर्जासाठी यातलं उत्पन्नाचं काही नको. आजी बाई आहेत ना? मग झालं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण कायदाच तसा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कुणाकुणाला मिळतो त्याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, कोठडीतले, कारखान्यातले कामगार, आपत्तीत सापडलेले. आणि त्यात स्त्रिया आणि मुलं आहेत. स्त्रीचं उत्पन्न किती, जमीन किती, माड किती, हे कलम विचारतच नाही. शिवाय मदत नुसत्या कोर्टापुरती नाही. एखाद्या अधिकाऱ्यापुढे दाद मागायची असेल तरी मिळते.

मी आत्याला म्हटलं, "आत्या, इथे तू निकषात बसलीस."

"कशी?"

"नुसती बाई म्हणून."

आत्या खुर्चीत जरा सावरून बसली. त्रेसष्ट वर्षांत बाई असल्याबद्दल तिला काहीतरी मिळाल्याचा हा पहिला प्रसंग होता.

या कायद्याचीही गंमत आहे. गरिबाला फुकट वकील द्यावा हे तत्त्व घटनेत ३९-अ कलमाने आलं ते १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. म्हणजे ऐन आणीबाणीत. त्या दिवसांत भले भले वकील स्वतःच तुरुंगात होते. मग कायदा झाला १९८७ साली, आणि अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ला. कायद्यालासुद्धा निकषात बसायला आठ वर्षं लागली, तिथे आत्याची काय कथा!

वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "निर्णयाची प्रत कुठाय?"

"ते म्हणाले, मी सांगतोय ना."

"मग निर्णय झालेलाच नाही असं समजा. कागद नाही तर अपील कशाविरुद्ध करायचं? आधी प्रत."

आणि तिने आम्हाला एका खटल्याची गोष्ट सांगितली. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. हे होसकोट सौराष्ट्र विद्यापीठात रीडर होते. त्यांनी मुंबईच्या एका ब्लॉकमेकरकडे जाऊन कर्नाटक विद्यापीठाचा शिक्का बनवायला सांगितला. खोट्या पदव्यांचा उद्योग होता. पकडले गेले. सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची, म्हणजे एका बैठकीची शिक्षा दिली. हायकोर्टाने १९७३ साली ती तीन वर्षांवर नेली. ते सुप्रीम कोर्टात पोचले ते वर्षानुवर्षे उशिरा, आणि निकालाची प्रतच आपल्या हातात वेळेवर पडली नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्यांचा अर्ज फेटाळला. पण फेटाळता फेटाळता सांगून ठेवलं, की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तोही मिळाला पाहिजे. होसकोट स्वतः हरले. त्यांच्या मागून येणारे जिंकले.

"बघ," आत्या मला म्हणाली, "खोटे शिक्के मारणाऱ्याला प्रत मिळते, आणि मी तर अंगठासुद्धा खरा लावलाय."

मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आत्याने तो स्वतःच्या पैशांनी घेतला आणि स्वतःच्या हाताने चिकटवला. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आलं. त्यात एक कागद, कागदावर एक ओळ: 'जमीनधारक असल्याने निकषात बसत नाही, सबब अनुदान बंद.' तोंडी जे वीस मिनिटं ऐकून कळलं नव्हतं, ते एका ओळीत कळलं. आत्याने कागद देवापाशी ठेवला. पोत्याला टाच लागली की दाणा कुठून सांडतो ते दिसतं, तसं झालं.

पुढचं काम वकीलबाईंनी केलं ते मी पाहत राहिलो. तिने आमची वंशावळ काढली. आमच्या घरात कुणाला धड माहीत नसलेली दोन माणसं तिने शोधून काढली. मग भागाकार मांडला. नऊशे वीस चौरस मीटर, तेवीस वारस. समसमान वाटे धरले तरी प्रत्येकी चाळीस चौरस मीटर. त्यातून विहीर आणि पोटखराबा वजा. म्हणजे आत्याची जमीनदारी तिच्या पडवीपेक्षा थोडी मोठी, आणि तीही नेमकी कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. तलाठ्याकडून पीकपाहणीचा उतारा घेतला. त्यात पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षे पडीक. शेवटी दोन पानांचं अपील: मर्यादा उत्पन्नाची आहे, सातबाऱ्यावर नाव असण्याची नाही; उत्पन्न शून्य आहे; आणि अनुदान बंद करण्यापूर्वी बाईंचं म्हणणं कुणी ऐकून घेतलेलं नाही.

या तिसऱ्या मुद्द्यावर आत्या फार खूश झाली. "हे पहिलं लिही," ती म्हणाली. "बाकीचं नंतर."

घरी येताना रिक्षात ती गप्प होती. मग म्हणाली, "लोक म्हणतात, फुकटचे पैसे. मला ऐकायला जड जातं रे."

मी तिला माझ्या पेन्शनची गोष्ट सांगितली. १७ डिसेंबर १९८२ला सुप्रीम कोर्टाने नाकारा खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या घटनापीठावर होते. पेन्शन ही धन्याच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे, असं त्यात ठरलं. आम्ही पेन्शनर मंडळी अजून तो दिवस साजरा करतो, वडा-सांबार आणि भाषणांसकट. "तो निकाल आमच्यासाठी होता, तुझ्या योजनेसाठी नव्हे," मी म्हटलं. "पण मला कुणी फुकट्या म्हणत नाही. मग तुला का म्हणावं? मी एकतीस वर्षं फायली उचलल्या, तू चाळीस वर्षं पापड लाटलेस. फरक एवढाच, की पापडांचा हजेरीपट नव्हता."

सुनावणीच्या दिवशी आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसलं. वरिष्ठ अधिकारी वयाने तरुण, चष्म्यातून नीट बघणारा. वकीलबाईंनी पाच मिनिटांत सगळं मांडलं. अधिकाऱ्याने सातबारा वाचायला घेतला, सातव्या नावाला थांबला, पान उलटून तेविसाव्यापर्यंत गेला आणि परत आला.

"आजी, या जमिनीतून तुम्हाला काय मिळतं?"

"भांडणं, साहेब," आत्या म्हणाली. "बारमाही पीक. पाणी द्यावं लागत नाही."

या वेळी मात्र साहेब हसले. आणि हसल्यावर त्यांनी आत्याला बसायला सांगितलं. वकीलबाईंचा भागाकार महत्त्वाचा होता यात शंका नाही. पण माझं मत, खटला तिथे फिरला.

महिन्याभराने हुकूम आला, या वेळी लेखी. आधीचा निर्णय रद्द, अनुदान पूर्ववत सुरू करावं. पुढच्या महिन्यात पासबुकात पंधराशे उमटले. मात्र मधल्या अकरा महिन्यांच्या थकबाकीबद्दल हुकुमात अवाक्षर नव्हतं. अकरा महिन्यांचे सोळा हजार पाचशे होतात. मी म्हटलं, "जाऊ दे आत्या, सुरू झालं हे काय कमी?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी चिंचेखाली पाहायची. दुसऱ्या दिवशी ती एकटीच रिक्षात बसून वकीलबाईंकडे गेली. थकबाकीचा अर्ज सध्या विचाराधीन आहे. विचार कोण करतंय, ते माहितीच्या अधिकारात विचारलं आहे.

दरम्यान आत्याच्या पडवीत माणसं येऊ लागली आहेत. कुणाचं रेशन तोडलेलं, कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाच्या अंगठ्याचा ठसा यंत्र ओळखत नाही. आत्या सगळ्यांना चहा देते, अर्थातच स्वतःच्या पैशांचा. कायद्याचं कलम तिला एकच पाठ आहे, बारावं. आणि सल्लाही ती एकच देते. निर्मळमध्ये पूर्वी बायका रस्त्यात भेटल्या की एकमेकींना विचारायच्या, "जेवलीस का?" आत्या आता विचारते, "प्रत घेतलीस का?"